कोंड्याचा मांडा

१९७२ साली 'लॅन्सेट' या नामांकित ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक शोधनिबंध छापून आला. विषय होता माणसाच्या शौचाचं वजन आणि खाल्लेलं अन्न बाहेर पडायला लागणारा वेळ. (जेवता जेवता वाचत असाल तर आधी ताट संपवा आणि मग या. पुढचं बरंचसं याच वळणाचं आहे.)

लेखक तीन : डेनिस बर्किट, अ‍ॅलेक वॉकर आणि नील पेंटर. पद्धत एकदम साधी. माणसाला एक्स-रेत दिसतील अशा प्लास्टिकच्या बारीक गोळ्या गिळायला द्यायच्या. मग रोजचं शौच पिशवीत गोळा करायचं, वजन करायचं, पिशवीचा एक्स-रे काढायचा आणि किती गोळ्या बाहेर आल्या ते मोजायचं. ब्रिटिश नौदलातले खलाशी आणि त्यांच्या बायका यांची सरासरी निघाली दिवसाला सुमारे १०४ ग्रॅम, आणि प्रवासाचा वेळ ८३ तास. युगांडातल्या खेडुतांची सुमारे ४७० ग्रॅम आणि ३६ तास. आपल्या धंद्याच्या भाषेत, तीच पाइपलाइन, पण लेटन्सी निम्म्याहून कमी आणि थ्रूपुट साडेचारपट.

आता यात ग्रेट काय? तर हे आकडे आणि त्यामागची कल्पना पुढच्या बारा वर्षांत अमेरिकेतल्या नाश्त्याच्या खोक्यावर जाऊन बसली, 'कर्करोग' या शब्दासकट. आणि त्यानंतर पंधरा वर्षांनी त्याच कल्पनेचा पुरावा तपासताना मोठमोठ्या संशोधकांच्या तोंडाला फेस आला. आज बाजारात 'हाय फायबर' असं छापलेलं जे काही आपण उचलतो, त्याची ही वंशावळ आहे.

बर्किट नावाचा माणूस

बर्किट मूळचा आयर्लंडचा, जन्म १९११चा. वडील इंजिनियर, म्हणून हाही १९२९ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात इंजिनियरिंगलाच गेला. पण वर्षभरात ते सोडून मेडिकलला आला. (आपल्याकडे हे घरी सांगून बघा!) लहानपणी एका अपघातात एक डोळा गेलेला, तरी सर्जन झाला. १९४६ साली ब्रिटिश सरकारच्या वैद्यकीय सेवेत युगांडाला गेला आणि जवळजवळ वीस वर्षं तिथेच राहिला.

तिथे त्याने लहान मुलांच्या जबड्यात होणारी एक विचित्र गाठ पाहिली आणि १९५८ साली तिच्यावर लिहिलं. तिला आज 'बर्किट लिम्फोमा' म्हणतात. ही गाठ आफ्रिकेत नेमकी कुठे होते आणि कुठे होत नाही हे शोधायला १९६१ साली तो दोन सहकाऱ्यांबरोबर एका जुन्या फोर्ड गाडीतून सुमारे दहा हजार मैल हिंडला. गावोगावच्या दवाखान्यात जायचं, फोटो दाखवायचा, "असा पेशंट येतो का?" विचारायचं, आणि नकाशावर टिंब मारायचं. त्या नकाशावरून गाठीचा संबंध पाऊस, उंची आणि तापमान यांच्याशी लागला. दुसरीकडे लंडनमध्ये त्याचं भाषण ऐकलेल्या अँथनी एपस्टाइनने सहकाऱ्यांसह त्याच गाठीच्या पेशींतून १९६४ साली एक विषाणू शोधून काढला. माणसात कर्करोग घडवण्याशी संबंध जोडला गेलेला तो पहिला विषाणू.

हे एवढं सांगायचं कारण असं, की 'कुठे होतं आणि कुठे होत नाही' एवढ्या एका प्रश्नाने बर्किटला एकदा जॅकपॉट लागला होता. असं यश पदरी असलेला माणूस पुढचं कुलूपही त्याच किल्लीने उघडायला जाणार, हे ओघाने आलंच.

१९६६ साली तो इंग्लंडला परतला. पुढच्या वर्षी सर रिचर्ड डॉल यांनी (सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग हा संबंध पक्का करणारे तेच) त्याची गाठ पीटर क्लीव्ह नावाच्या नौदलातल्या डॉक्टरशी घालून दिली. हा क्लीव्ह म्हणजे अवलिया. दुसऱ्या महायुद्धात 'किंग जॉर्ज फिफ्थ' या युद्धनौकेवर असताना ताज्या भाज्यांअभावी खलाशांचं पोट साफ होईना, म्हणून त्याने जहाजावर चक्क गव्हाच्या कोंड्याची पोती मागवली होती. त्याचं म्हणणं, मधुमेह, हृदयविकार, मूळव्याध, दातांची कीड हे सगळे वेगवेगळे रोग नाहीतच. साखर आणि पांढरं पीठ यांमुळे होणाऱ्या एकाच रोगाची ती वेगवेगळी तोंडं आहेत.

बर्किटच्या डोक्यात ट्यूब पेटली. युगांडात वीस वर्षं त्याने पोटं फाडली होती, पण तिकडच्या लोकांत अपेंडिक्स, पित्ताशयातले खडे, मोठ्या आतड्याचा कर्करोग हे क्वचितच दिसायचं. इंग्लंडमधल्या सर्जनचा तर दिवस यातच जातो. शिवाय आफ्रिका आणि आशियातल्या शंभराहून जास्त मिशनरी दवाखान्यांशी त्याचा पत्रव्यवहार आधीपासून चालूच होता, त्या गाठीच्या नकाशासाठी. त्याने फक्त प्रश्न बदलले. 'तुमच्याकडे अपेंडिक्स किती येतात? मूळव्याध किती?' म्हणजे सिस्टीम तीच, क्वेरी नवी.

उत्तरं आली, आणि त्यातून जे चित्र तयार झालं ते असं : जे लोक धान्य कोंड्यासकट खातात त्यांचं शौच मोठं, मऊ आणि झटपट. मोठ्या आतड्यात कर्करोग घडवणारं जे काही तयार होत असेल ते या मोठ्या गोळ्यात पातळ होतं आणि लवकर बाहेर पडतं. जे लोक मैदा खातात त्यांच्या आतड्याला सुकलेला चिकट माल ढकलायला जोर लावावा लागतो. त्या जोराने आतड्याच्या भिंतीला फुगे येतात, कुंथून मूळव्याध होते, पायाच्या शिरा फुगतात. एकाच कारणातून सगळं. व्याख्यानाला गेला की बर्किट जंगलात काढलेल्या शौचाच्या स्लाइड्स दाखवायचा आणि सांगायचा, की ज्या देशात लोकांचं शौच छोटं त्या देशात हॉस्पिटलं मोठी बांधावी लागतात. लोक हसायचे, पण विसरायचे नाहीत. युगांडातलाच त्याचा जुना सहकारी ह्यू ट्रॉवेल याने १९७२च्या सुमारास 'डायेटरी फायबर' या शब्दाला व्याख्या दिली : वनस्पतीच्या पेशीभित्तिकांचा जो भाग आपली पाचकद्रव्यं पचवू शकत नाहीत तो. शब्द १९५३ साली एबेन हिप्सली याने आधीच वापरला होता, पण चालला तो आता.

इथे एक गोष्ट गुपचूप घडली. क्लीव्हच्या सिद्धांताचे दोन भाग होते, साखर जास्त खाणं आणि कोंडा काढून टाकणं. बर्किटच्या हातात आल्यावर साखर मागे पडली, कोंडा पुढे आला. माझ्या मते सगळ्या पुढच्या गोंधळाचं मूळ इथे आहे. 'हे खाऊ नका' यातून कुणाला काही विकता येत नाही. 'हे जास्त खा' यातून येतं.

मुंबईचा एक समांतर ट्रॅक

जरा विषयांतर. साधारण याच काळात आपल्या मुंबईत पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा हे याच पद्धतीचं काम करत होते. रेल्वे म्हणजे लाखो कर्मचारी, सगळे एकाच नोकरीत, सगळ्यांचं वैद्यकीय रेकॉर्ड एकाच पद्धतीने ठेवलेलं, आणि माणसं मात्र पंजाबपासून मद्रासपर्यंतची. यापेक्षा चांगला डेटासेट कुठे मिळणार? १९६७ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्यांनी दाखवलं, की पंजाबी कर्मचारी दाक्षिणात्यांच्या कितीतरी पट तूप-लोणी खात असूनही हृदयविकार मात्र दक्षिणेत सुमारे सातपट जास्त होता. १९७७ साली त्यांनी मुंबईच्या कॅन्सर रजिस्ट्रीतल्या नोंदींवरून मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही असाच उत्तर-दक्षिण फरक मांडला, आणि श्रेय दिलं चावून खाण्याला, ताक-दह्याला आणि चोथ्याला.

मल्होत्रांचं नाव बर्किटइतकं गाजलं नाही. पण दोघांच्या कामाची ताकद एकच आणि लंगडी बाजूही एकच. पंजाबी आणि मद्रासी माणसात काय फक्त चोथ्याचाच फरक आहे? युगांडातला शेतकरी आणि पोर्ट्समथचा खलाशी यांच्यात तर विचारूच नका. शेतकरी दिवसभर राबतो, सडपातळ असतो, मांस कमी खातो, सिगारेटला पैसे नसतात. आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग हा मुख्यतः उतारवयातला रोग. जिथे माणसं साठीपर्यंत पोचतच नाहीत आणि पोचलेली दवाखान्यात जात नाहीत, तिथे तो 'दिसत नाही' यात नवल ते काय! दोन सर्व्हरमध्ये पन्नास सेटिंग्ज वेगळी असताना एकाच सेटिंगवर बोट ठेवून "हाच बग" म्हणणारा ज्युनियर आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. बर्किट ज्युनियर नव्हता, त्याला हे कळत होतं. पण त्याचं म्हणणं, कोंडा खाल्ल्याने नुकसान तर नाही ना? मग सिद्ध होईपर्यंत थांबायचं कशाला?

प्रश्न रास्त आहे. याचं सोपं उत्तर माझ्याकडेही नाही.

खोक्यावर कर्करोग

ऑक्टोबर १९८४. अमेरिकेत केलॉग कंपनीने 'ऑल-ब्रान' या कोंड्याच्या नाश्त्याच्या खोक्यावर आणि जाहिरातींत एक संदेश छापायला सुरुवात केली : कमी चरबीचा आणि जास्त फायबरचा आहार घेतला तर काही प्रकारच्या कर्करोगाचा धोका कमी होऊ शकतो, असं राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं मत आहे. आणि गंमत म्हणजे संस्थेचा याला पाठिंबा होता! सरकारला जे लोकांपर्यंत पोचवायचं होतं ते कंपनी स्वतःच्या पैशाने, रोज सकाळी टेबलावर, पोचवत होती.

अडचण एकच. १९३८च्या अमेरिकन कायद्याप्रमाणे एखादा पदार्थ रोग टाळतो असा दावा केला, की तो पदार्थ कायद्याने 'औषध' होतो. आणि औषध म्हटलं, की चाचण्या, मंजुरी, सगळं आलं. म्हणजे एका सरकारी संस्थेचा सल्ला छापल्यामुळे खोकं दुसऱ्या सरकारी संस्थेच्या, एफडीएच्या, नियमात बेकायदा ठरत होतं. तिसरी सरकारी संस्था, जाहिरातींवर लक्ष ठेवणारी एफटीसी, ही जाहिरात उत्तम आहे म्हणून कौतुक करत होती. तीन डिपार्टमेंट, तीन मतं... ओळखीचं वाटतंय ना? एफडीएला कारवाई करायची होती, पण कर्करोग संस्थेच्या सल्ल्याविरुद्ध कोर्टात उभं राहणार कोण? कारवाई झालीच नाही.

खप वाढला. नुसत्या ऑल-ब्रानचा नाही, इतर कंपन्यांच्या जास्त फायबरवाल्या नाश्त्यांचाही. एफटीसीच्या दोन अर्थतज्ज्ञांनी, इपोलिटो आणि मॅथिओस यांनी, १९९० साली या सगळ्याचा अभ्यास छापला. त्यातलं एक निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं. जाहिरातींआधीही फायबरबद्दलची सरकारी माहिती उपलब्ध होती, पण ती मुख्यतः शिकलेल्या, वाचणाऱ्या लोकांपर्यंतच पोचत होती. जाहिरात आल्यावर बाकीच्यांपर्यंत पोचली. म्हणजे 'कंपन्या वाईट, सरकार चांगलं' अशी सरळ वाटणी इथे करता येत नाही. मलाही आधी ती करायचा मोह झाला होता.

पण एकदा दार उघडलं की सगळे घुसतात. १९८७ साली ओट ब्रानने कोलेस्टेरॉल उतरतं असं सांगणारं रॉबर्ट कोवाल्स्कीचं पुस्तक तुफान चाललं आणि ओटच्या कोंड्याची लाट आली. बटाट्याच्या चिप्समध्ये ओट ब्रान. डोनटमध्ये ओट ब्रान! तळलेल्या मैद्याच्या वड्यावर चिमूटभर कोंडा भुरभुरायचा आणि हृदयाचं चित्र काढायचं. मग जानेवारी १९९० मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी वीस निरोगी माणसांवर केलेला छोटासा प्रयोग छापला. ओट ब्रान आणि कमी फायबरचा साधा गहू, दोन्हींनी कोलेस्टेरॉल जवळपास सारखंच उतरलं. लोकांनी ठरवलं, सगळं थोतांड. लाट ओसरली. गंमत अशी, की नंतरच्या मोठ्या विश्लेषणांत ओटचा परिणाम खरा निघाला. छोटा, पण खरा. वीस माणसांच्या प्रयोगावर भरवसा ठेवून डोक्यावर घेणं जितकं चूक, तितकंच त्यावरून आपटणंही.

'होऊ शकतो' हा कायदेशीर शब्द

या बजबजपुरीतून १९९० साली अमेरिकेत पोषणमूल्यांच्या लेबलांचा नवा कायदा आला. आता दावा करायचा तर एफडीएने पुरावा तपासून मंजूर केलेलाच. जानेवारी १९९३ मध्ये नियम आले, आणि मला या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे या नियमांचं शब्दांकन. एखादं चांगलं स्पेसिफिकेशन वाचल्याचा आनंद होतो.

'फायबरमुळे कर्करोग टळतो' हा दावा एफडीएने नाकारला. मंजूर केलं ते वेगळंच वाक्य : कमी चरबीचा आणि *फायबर असलेली धान्यं, फळं व भाज्या* भरपूर असलेला आहार काही कर्करोगांचा धोका कमी करू शकतो. फरक कळला? श्रेय फायबरला नाही, फायबर ज्याच्यात असतं त्या पदार्थांना. धोका किती टक्के कमी होतो ते लिहायचं नाही. फायबरचा प्रकार सांगायचा नाही. आणि 'करतो' नाही, 'करू शकतो'च म्हणायचं, ही सक्ती. कारण पुरावा एवढंच सांगत होता, की असं जेवणाऱ्या माणसांना कर्करोग कमी होतो. त्या जेवणातल्या शंभर गोष्टींपैकी नेमकी कुठली उपयोगी पडते हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

हृदयविकाराचं मात्र जरा वेगळं झालं, कारण तिथे यंत्रणा कळली होती. इसबगोल ग्लासभर पाण्यात टाकून पाच मिनिटं विसरा, मग चमचा उभा राहतो की नाही बघा. विरघळणारं फायबर आतड्यात तेच करतं. त्या घट्ट जेलीत पित्ताम्लं अडकून बाहेर जातात, ती परत बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल खर्च करावं लागतं, ते रक्तातून उचललं जातं. रक्त तपासून हे महिन्या-दोन महिन्यांत मोजता येतं. कर्करोगासारखी वीस वर्षं वाट बघायला नको. म्हणून १९९७ साली ओटमधल्या बीटा-ग्लुकानला (दिवसाला ३ ग्रॅम) आणि १९९८ साली इसबगोलाला (दिवसाला ७ ग्रॅम विरघळणारं फायबर) स्वतंत्र मंजुरी मिळाली.

हो, तेच आपलं इसबगोल. जगाला लागणारा बहुतेक इसबगोल गुजरात-राजस्थानात पिकतो आणि त्याची मोठी बाजारपेठ मेहसाण्याजवळच्या उंझाला आहे. अमेरिकेत ते १९३४ पासून 'मेटाम्युसिल' नावाने रेचक म्हणून विकलं जात होतं, आणि १९८९ साली केलॉगने 'हार्टवाइज' नावाच्या नाश्त्यातही घातलं होतं. आजोबांच्या कपाटातली भुकटी आणि असं नाव!

१९९९

बर्किट मार्च १९९३ मध्ये गेला. पुढचं त्याने पाहिलं नाही, ते बरं की वाईट कोण जाणे.

जानेवारी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या ८८,७५७ नर्सेसचा सोळा वर्षांचा अभ्यास छापला. फायबर जास्त खाणाऱ्या आणि कमी खाणाऱ्या बायकांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं प्रमाण सारखंच. एप्रिल २००० मध्ये दोन प्रत्यक्ष प्रयोगांचे निकाल एकाच अंकात आले. ज्यांच्या आतड्यातून पॉलिप (पुढे कर्करोग होऊ शकतील असे कोंब) काढले होते अशांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं. एका प्रयोगात १,९०५ लोक होते. अर्ध्यांना कमी चरबीचा, भरपूर फायबर-भाज्यांचा आहार, चार वर्षं. पॉलिप परत आले? आहार बदललेल्यांत ३९.७ टक्के, न बदललेल्यांत ३९.५ टक्के. फिनिक्स शहरातल्या दुसऱ्या प्रयोगात रोज गव्हाचा कोंडा दिला. तिथेही ठळक फरक नाही.

हृदयाच्या बाबतीत असा धक्का १९८९ सालीच बसला होता, फक्त तेव्हा ओट ब्रानच्या गोंगाटात फारसा ऐकू गेला नाही. वेल्समध्ये हार्ट अटॅक येऊन गेलेल्या २,०३३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकून वेगवेगळे सल्ले दिले होते. मासे खा म्हटलेल्यांत दोन वर्षांतले मृत्यू २९ टक्क्यांनी कमी झाले. धान्याचं फायबर वाढवा म्हटलेल्यांत काहीच फायदा नाही, उलट मृत्यू किंचित जास्तच.

मग बर्किट साफ चुकला? थांबा. नर्सेसच्या अभ्यासात सगळ्यात जास्त फायबर खाणारा गटही दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपासच होता. म्हणजे सगळेच कमी खाणारे, त्यातले थोडे कमी आणि थोडे जास्त. शिवाय हे मोजतात कसं, तर 'गेल्या वर्षात गाजर किती वेळा खाल्लं?' अशी प्रश्नावली भरून घेतात. मला काल दुपारी कँटीनमध्ये काय खाल्लं ते आठवत नाही. आणि प्रयोगांचं म्हणाल तर पॉलिपचा कर्करोग व्हायला दहा-दहा वर्षं लागतात, प्रयोग तीन-चार वर्षांचे. चाळिशी-पन्नाशीपर्यंत मैदा खाल्लेल्या आतड्याला चार वर्षं कोंडा देऊन निकाल मागणं कितपत न्याय्य?

२००३ साली युरोपातल्या दहा देशांतल्या ५,१९,९७८ लोकांचा अभ्यास आला, शीला बिंगम यांच्या नेतृत्वाखाली. इथे देशागणिक जेवण वेगळं, म्हणून फायबरमध्ये फरकही मोठा. निकाल : सगळ्यात जास्त खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग सुमारे पाव हिश्श्याने कमी. हुश्श! पण २००५ साली तेरा अभ्यासांतले सव्वासात लाख लोक एकत्र केले, तेव्हा वयाचा हिशोब धरून आधी १६ टक्के फायदा दिसला, आणि बाकीच्या सवयींचा हिशोब धरताच तो जवळजवळ विरघळून गेला. जागतिक कर्करोग संशोधन निधीने २००७ साली पुराव्याला 'संभाव्य' म्हटलं, २०११ साली 'खात्रीलायक', आणि २०१७ साली पुन्हा 'संभाव्य'. इथे कुणी लबाडी करत नव्हतं. सिग्नल छोटा आणि गोंगाट मोठा असला की असंच होतं.

२०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी न्यूझीलंडच्या संशोधकांनी १८५ निरीक्षणं-अभ्यास आणि ५८ प्रयोग एकत्र तपासले. दिवसाला २५ ते २९ ग्रॅम फायबर खाणाऱ्यांत, कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत, एकूण मृत्यू, हृदयविकार, मधुमेह, मोठ्या आतड्याचा कर्करोग हे सगळं १५ ते ३० टक्क्यांनी कमी. पुराव्याचा दर्जा त्यांनीच लिहिला आहे : मध्यम. १९७२ ते २०१९, सत्तेचाळीस वर्षांनी 'मध्यम'. मला विचाराल तर हा मोठा विजय आहे, आणि तरीही १९८४च्या खोक्यावरून जेवढी खात्री वाटायची तेवढी नाहीच.

बर्किटचं सगळंच टिकलं असंही नाही. आतड्याच्या भिंतीला येणारे फुगे कमी फायबरमुळे होतात, हा १९७१चा त्याचा आणि पेंटरचा सगळ्यात पक्का मानलेला दावा. २०१२ साली नॉर्थ कॅरोलिनात दोन हजारांवर लोकांच्या कोलोनोस्कोपी तपासल्या, तर जास्त फायबरवाल्यांतच हे फुगे जास्त! (फुग्यांचा त्रास होऊन हॉस्पिटलात जायची वेळ मात्र फायबर खाणाऱ्यांवर कमी येते, हे दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं आहे.) कारणाचा धागाही बदलला. चोथा म्हणजे नुसता झाडू नव्हे. आतड्यातले जीवाणू तो आंबवून ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात आणि आतड्याच्या पेशी त्यावरच जगतात. २०१५ साली वीस आफ्रिकन-अमेरिकन आणि वीस ग्रामीण दक्षिण आफ्रिकी माणसांनी दोन आठवडे एकमेकांचं जेवण खाल्लं. अमेरिकनांना रोज ५५ ग्रॅम फायबर, आफ्रिकींना बर्गरछाप जेवण. चौदा दिवसांत आतड्याच्या अस्तरातल्या कर्करोगाशी संबंधित खुणा दोन्हीकडे उलट्या फिरल्या. अर्थात खुणा म्हणजे कर्करोग नव्हे.

आणि लेबल? आपल्याकडे एफएसएसएआयच्या २०१८च्या नियमांप्रमाणे १०० ग्रॅम घन पदार्थात ३ ग्रॅम फायबर असेल तर 'फायबरचा स्रोत' आणि ६ ग्रॅम असेल तर 'हाय फायबर' म्हणता येतं. ते सहा ग्रॅम गव्हाच्या अंगचे आहेत की मैद्याच्या बिस्किटात वरून घातलेले, हा फरक या आकड्यात दिसत नाही. १९९३च्या त्या काळजीपूर्वक वाक्यातला 'फायबर असलेली धान्यं, फळं व भाज्या' हा भाग गळला, की उरतो नुसता ग्रॅमचा आकडा. आणि आकडा गाठायचाच असेल तर त्याला ज्वारी-नाचणी लागत नाही, पावडरची गोणी पुरते. पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचा. पहिलं नाव मैद्याचं असेल आणि शेवटी कुठेतरी 'इन्युलिन' किंवा 'पॉलिडेक्स्ट्रोज' दिसेल, तर ही पावडर तीच.

२०१६ साली एफडीएने ठरवलं, की बाहेरून घातलेल्या अशा फायबरला लेबलवर 'फायबर' म्हणून मोजायचं असेल तर त्याचा शरीराला काहीतरी फायदा दाखवावा लागेल. इसबगोल, बीटा-ग्लुकान आणि आपल्या गवारीचा डिंक पहिल्याच यादीत बसले. चिकोरीच्या मुळापासून काढलेलं इन्युलिन २०१८ साली आत आलं. हाय फायबर बारमध्ये जे सर्रास असतं ते हेच. त्याचा जो फायदा एफडीएने ग्राह्य धरला तो कर्करोगाचा नाही, हृदयाचा नाही, बद्धकोष्ठाचाही नाही. कॅल्शियम जास्त शोषलं जातं, हा.